तो बोकड माझा होता

अण्णा, काल ती गोरी बाई घरी येऊन गेली. तुम्ही जिच्यापुढं ताट ठेवलं होतं, तीच. केस पार पांढरे झालेत, हातात काठी आली आहे, आणि ओटा चढताना संस्थेच्या सरांना तिचा दंड धरावा लागला. मी कुबडी टेकून वर उभी होते. ती माझ्या कुबडीकडं आणि आपल्या काठीकडं बघून हसली. मला हसू आलं नाही. ती गेल्यापासून मी भांडी आपटते आहे. आई म्हणाली, "काय गं, कुणासंगं भांडायलीस?" आता काय नाव सांगू? ज्याच्याशी भांडायचं तो माणूस भांडण अर्ध्यात टाकून कधीच निघून गेला. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं हे पोचायची सोय असती तरी तुम्ही सरांकडूनच वाचून घेतलं असतं, आणि सरांनी नेहमीप्रमाणं निम्मं गाळून सांगितलं असतं.

तुमचं आणि देणाऱ्यांचं वाकडं होतं ते भूकंपापासून. मला त्यातलं काही आठवत नाही, मी फार लहान होते. आठवतं ते सगळं तुम्ही सांगितलेलं. पहाटे घर बसलं, तुम्ही भिंतीचे दगड हातानं उपसले, बोटांची नखं निघाली, आणि खालून मी निघाले, एक पाय चेंगरलेली. त्यानंतर महिनोन्‌महिने गाव रांगेत उभं होतं. पिठाला रांग, पत्र्याला रांग, कपड्याला रांग. ट्रकवरून कुणीतरी जुन्या कपड्यांची गठुडी फेकायचं आणि खाली झेलणाऱ्यांचे फोटो निघायचे. "घरात जवारीची कणगी भरल्याली आसायची आपल्या," तुम्ही म्हणायचात, "आन म्या हात पसरून हुबा राह्यलो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते माझ्याच तोंडचं वाटतं. पुढं सरकारनं ओळीनं सिमेंटची घरं बांधून दिली, जुनं गाव बाभळींना सोडून आपण नव्या गावात आलो, लोक हळूहळू विसरले. तुम्ही विसरला नाहीत. कुणी साधी विडी दिली तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याला दोन देऊन यायचात.

ही बाई त्या ट्रकवाल्यांतली नव्हती. ती नंतर आली, सगळे निघून गेल्यावर. तिची संस्था म्हणजे तरी काय, परदेशातल्या एका लहानशा गावातली चार निवृत्त माणसं. ऑफिस नाही, गाडी नाही. घरी केक भाजून विकायचे, जुनी पुस्तकं विकायची, पैसे जमवायला म्हणून, मैलामागं इतके द्या असं लोकांशी ठरवून, दिवसदिवसभर डोंगरातनं पायी चालायचं, आणि जमेल ते इकडं सरांच्या हाती पाठवायचं. सर आपल्याकडचेच, सास्तूरच्या बाजूचे. पत्र्याच्या एका खोलीत ते आमच्यासारख्या अधू मुली गोळा करायचे. तिथं मला लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला, कुबडी मिळाली, गणिताची शिकवणी मिळाली, आणि एके दिवशी शेळी मिळाली. शेळी द्यायची त्यांची एक रीत होती. दावं मुलीच्याच हातात द्यायचं. बाप, भाऊ, चुलता, कुणीही मध्ये हात घालायचा नाही, आणि घरापर्यंत शेळी मुलीनंच न्यायची. "शेळी पोरीच्या मालकीची, ध्यानात ठेवा," असं सर प्रत्येक घराला बजावायचे आणि प्रत्येक घर मान डोलवायचं. आपल्याही घरानं डोलवली.

ती दुपार मला आत्ताही दिसते. मी पुढं, कुबडी काखेत, दुसऱ्या मनगटाला दाव्याचा वेढा. शेळी एकीकडं ओढतेय, मी दुसरीकडं कलतेय. तुम्ही मागून चालताय, हात पाठीमागं बांधून, कारण सरांनी हात लावू नका म्हटलंय. "पडचील गं. दे हिकडं," म्हणताय. मी देत नाही. बायका दारात येऊन बघतायत. पारावरून कुणीतरी ओरडतो, "कोण कुणाला न्यायलंय म्हणायचं, अण्णा?" आणि सगळा पार हसतो. तुम्हीही हसता. ते हसणं मला तेव्हा खरं वाटलं होतं. घरी पोचल्यावर तुम्ही खुंटा ठोकून दिलात आणि म्हणालात, "बांध बाई तुझी तू," आणि मी बांधली. गाठ सैल होती. मी आत गेल्यावर तुम्ही ती सोडून पुन्हा घट्ट बांधलीत. मी खिडकीतून बघितलं होतं.

शेळीला पहिल्या वेताला मादी झाली. पहिली मादी पुढच्या मुलीला द्यायची असा नियम होता, दिली. दुसऱ्या वेताला बोकड झाला. काळा कुळकुळीत, आणि कानांवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. सरांनी माझ्या मांडीवरचा त्याचा फोटो परदेशी पाठवला, आणि तिथल्या शाळेतल्या पोरांनी तो वर्गात लावून त्याला काहीतरी नाव ठेवलं. मला ते उच्चारता यायचं नाही. मी त्याला ठिपक्या म्हणायची. बकरीदेच्या आधी उमरग्याचा व्यापारी येऊन त्याला बघून गेला. पाठ दाबली, दात बघितले, ईदेला नेतो म्हणाला. त्या बोकडात माझं उमरग्याचं कॉलेज होतं. संस्थेचा हिशेब साधा होता: वसतिगृहाचा निम्मा खर्च मुलीनं आपल्या धंद्यातून घालायचा, निम्मा ते घालणार. फुकट काही नाही, असं सर म्हणायचे, आणि हे 'फुकट नाही' मला फार आवडायचं. दहावीचा निकाल लागला होता. मी बोकडाला शेवरीचा पाला घालायची, बाभळीच्या शेंगा घालायची, आणि मनातल्या मनात वसतिगृहाची खोली बघायची, खिडकीजवळची खाट आपल्याला मिळेल का याची काळजी करायची.

आणि तेवढ्यात निरोप आला की बाई येणार, आणि आपल्या घरी जेवणार. गावाचं एकमत होतं: परदेशातनं पाव्हणे म्हणजे बोकड पडणारच. जावई येवो, नवसाची कंदुरी असो, आपल्याकडं मान मोजायचं तेच एक माप. आदल्या दिवशी तुम्ही चुलीपाशी बसून आईला म्हणालात, "एवढी वर्सं त्येंचा हात वर आन आपला खाली. उंद्या एक दीस तरी आपला वर." तुमचा आवाज मऊ होता. मी ऐकलं, आणि मला वाटलं, तुम्ही बाईला लुगडं-चोळी देणार असाल.

सकाळी मी घरी नव्हते. मी सरांच्या खोलीवर स्वागतगीताची तालीम करत होते. हे मला आजही सहन होत नाही. इकडं मुलाणीचाचा सुरी घेऊन अंगणात आले, आणि तिकडं मी बाकीच्या मुलींबरोबर पेटीवर पाहुण्यांचं स्वागत गात होते. चाचांनी विचारलं म्हणे, "पोरीचा हाय न्हवं ह्यो? पोरीला इचारलं का?" आणि तुम्ही म्हणालात, "तिला काय इचारायचं त्यात? पाव्हणे तिचेच हायती." आईनं हे मला किती तरी वर्षांनी सांगितलं, भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता. माझा होकार घ्यावा असं सगळ्या गावात एकट्या चाचांना वाटलं. तुम्ही सांगितल्यावर त्यांनीही आपलं काम केलं.

पाहुण्यांबरोबर मी जीपमधून आले. दारातच येसर घातलेल्या मटणाच्या रश्शाचा वास आला आणि माझी भूक खवळली. वाटलं, तुम्ही उमरग्याहून मटण आणलं. अंगणात घोंगडी अंथरली होती, शेजारून पितळी ताटं मागून आणली होती. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून उभे. बाईला मांडी घालता येईना, तर ती पाय एका बाजूला घेऊन बसली. पहिला घास घेतला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी मान हलवून छान आहे म्हणाली. तुमचा चेहरा इतका उजळलेला मी कधी बघितला नव्हता. मग तिनं पिशवीतनं चित्रं काढली, तिकडच्या पोरांनी काढलेली. सगळ्यांत काळा बोकड, ठिपक्यांचे कान. एका पोरानं तर त्याला चष्मा घातला होता. ती सरांना काहीतरी म्हणाली. सर मला म्हणाले, "बाईला तुझा बोकड बघायचाय. पोरांना जाऊन सांगायचंय म्हणते." मी गोठ्याकडं वळले. खुंट्याला नुसतं दावं होतं.

मी काही बोलायच्या आत तुम्ही बोललात. हसत, छाती पुढं काढून. "बाईला सांगा सर, इकतचं न्हाय आणल्यालं. त्योच हाय ताटात. घरचा हाय, पाव्हण्यासाठी कापलाय." सरांनी पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला. तुम्हाला वाटलं, यांना ऐकू गेलं नाही. मग तुम्ही बाईला स्वतःच समजावलंत: आधी बोट ताटाकडं, मग हात गळ्यावरून आडवा. त्या खुणेला दुभाष्या लागत नाही. बाई आधी हसली, तिला चेष्टा वाटली. मग तिनं खुंटा बघितला, माझं तोंड बघितलं, आणि ताट हळूच पुढं सारलं. तिच्याबरोबरच्या दोघांनीही सारलं. बाई काहीतरी पुटपुटली आणि सर म्हणाले, "बाईंना बरं वाटेना." एवढं गाळून सांगितलं तरी तुम्हाला कळलंच.

मला तुमचा राग आहे तसा त्यांचाही आहे, अण्णा. ती काही माळकरी माणसं नव्हती. त्यांच्या ताटातही कुणाचं तरी जनावर असतंच की, फक्त ते ओळखीचं नसतं. दोन घास गिळले असते तर काय झालं असतं? माझं कॉलेज तुम्ही त्यांच्या ताटात वाढलंत आणि त्यांनी ते उष्टं करून टाकून दिलं. मटण पुढं गल्लीनं खाल्लं. लोक मिटक्या मारत होते, आणि मला विचारत होते, "तू का गं जेवंना?"

"आन्नाला पाठ दावली," एवढंच तुम्ही म्हणालात. गोठ्यात गेलात, शेळी सोडलीत, ओढत आणून जीपच्या मागच्या कडीला बांधलीत. "घिऊन जावा तुमची शेळी. लई घेतलं तुमचं. आता बास." सर हात जोडत होते. आईनं तोंडाला पदर लावला होता. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले, "अण्णा, शेळी माझी हाय. बोकड बी माझा व्हता." तुम्ही वळलात. आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "शेळी तुझी," म्हणालात, "आन तू कुणाची गं? दगडाखालनं कुणी काढलं तुला?"

याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही नसतात तर मी नसते, हे खरंच होतं. पण म्हणून माझं म्हणून जे काही होईल ते सगळं जन्मभर तुमचंच, असा कुठं न्याय असतो? एकदा जीव वाचवला की माणसाची मालकी लागते का? आपण वासराला विहिरीतून काढतो तेव्हा ते ज्याचं असतं त्याला परत देतो. मला कुणाला परत द्यायचं होतं? मलाच ना? हे सगळं मला नंतर सुचलं, साड्यांना फॉल लावत बसले होते तेव्हा. त्या दिवशी मी नुसती रडले, आणि तुम्ही मला उचलून घरात नेऊन बसवलंत.

सर पुन्हा पुन्हा आले. बाईनं तिकडून निरोप धाडला होता, मुलीचं कॉलेज थांबवू नका, यंदा सगळा खर्च आम्ही घालतो. तुम्ही सरांना ओसरीवरच बसवलंत, कपबशीतून चहा दिलात, आणि चहा संपल्यावर म्हणालात, "पोरीला काय कमी हाय हितं? म्या हाय की." तुम्ही होतात, हे कुणी नाकारलं नव्हतं. प्रवेशाचे दिवस गेले, मग वर्ष गेलं, मग कुणी विचारायचंही राहिलं. माझ्याबरोबर शेळी घेतलेल्या मुली उमरग्याहून दिवाळीला यायच्या, ओढणी एका बाजूला टाकून इंग्रजी शब्द बोलायच्या, आणि मी त्यांची ब्लाऊज शिवून द्यायची.

नवरात्रात तुम्ही मला तुळजापूरला न्यायचात, पाठकुळी घेऊन. लहानपणी मजा वाटायची. पण विशीतली बाई बापाच्या पाठीवर? मला बूट होता, कुबडी होती, हळूहळू पायऱ्या उतरले असते मी. "गर्दी लई आस्ती, तुला कोण वाट दील," म्हणायचात आणि वाकून पाठ करायचात. लोक वाट द्यायचे, खरं आहे. एकदा सोलापूरकडच्या एका म्हातारीनं माझ्या मुठीत नाणं कोंबलं आणि म्हणाली, "आई बरं करील गं लेकराला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता तुम्ही भडकाल, ते नाणं तिला परत द्याल. ज्यानं परदेशी बाईची शेळी परत केली तो हे कसं चालवून घेईल? तुम्ही माझी मूठ उघडलीत, नाणं काढून देवीच्या पेटीत टाकलंत, आणि म्हणालात, "तिचं तिला गेलं." तेही माझ्याच मुठीतलं होतं, अण्णा. तेव्हाही विचारलं नाहीत.

तुम्ही गेलात आणि तेरावा झाल्यावर मी एकटी सरांच्या खोलीवर गेले. गावातल्या बायका म्हणाल्या, बापाची माती वाळली नाही तोवर निघाली. म्हणू देत. सरांनी एक खुर्ची पुढं सारली. बारावी बाहेरून दिली, मग पदवी. वय होऊन गेल्यावर शिकण्यात काय सुख असतं ते मला विचारा. खिडकीजवळची खाट राहिलीच. आज सरांचं निम्मं काम मी बघते. तीन चाकांच्या स्कूटीवरून गावोगाव जाते, मुलींच्या हातात दावं देते, आणि त्यांच्या बापांना सांगते, पाव्हणे आले तर पिठलं करायचं. बाप हसतात. "पाव्हण्याला पिठलं घालत्यात व्हय ताई कुठं?" मी हसत नाही. माझ्या माघारी मला खडूस म्हणतात, मला माहीत आहे. या मुलींची जनावरं लग्नात पडली आहेत, आजारपणात विकली गेली आहेत, पण पाव्हण्याच्या ताटात अजून एकही गेलेलं नाही.

काल बाईला मी पिठलं-भाकरीच वाढली. तिनं भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. मग म्हणाली की तिला मला काही सांगायचं आहे. आता सर मध्ये लागत नाहीत, मला कळतं. तिकडं संस्थेत दोघी-तिघीच उरल्या आहेत, तिची ही शेवटचीच खेप, आणि या वयात एवढ्या लांब ती एका गोष्टीसाठी आली. त्या दिवशी मी ताट सारायला नको होतं, म्हणाली. तुझ्या वडिलांचा मी फार मोठा अपमान केला. त्यांनी माझ्यापुढं काय ठेवलं होतं ते मला घरी गेल्यावर समजलं. इतकी वर्षं ते ताट मनातून जात नाही, त्यांची माफी मागायची राहून गेली. बोलता बोलता ती रडायला लागली.

मी थांबले. मनात म्हटलं, आता माझा विषय निघेल. आता म्हणेल, आणि तुझा बोकड, आणि तुझी वाया गेलेली वर्षं. निघालं नाही. तिनं माझा हात थोपटला आणि पर्समधून रुमाल काढला. तुम्ही दोघंही मानाची माणसं. तिनं मान राखला नाही म्हणून तुम्ही जन्मभर जळलात, आपल्या हातून मान राखला गेला नाही म्हणून ती जळली, आणि जिचं खरंच जळलं तिला दोघांनीही विचारलं नाही. सातासमुद्रापलीकडून माफी आली, तीसुद्धा तुमच्या नावची. मी फक्त ती तुमच्या वतीनं घेऊन ठेवायची.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, तुझे वडील कसे होते? अण्णा, माझ्याकडं उत्तर तयार होतं. इंग्रजीतसुद्धा तयार होतं, इतक्या वर्षांत मी ते कितीदा तरी जुळवलं आहे. त्यांनी मला दगडाखालून काढलं आणि नंतर कधी खालीच ठेवलं नाही, असं म्हणायचं होतं. आपली फेड त्यांनी माझ्या बोकडानं केली, असं म्हणायचं होतं. आई चुलीपाशी बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, चांगले होते. बाईनं मान हलवली, तिचं समाधान झालं, सरांनी तिला धरून जीपमध्ये बसवलं. कालपासून भांडी आपटते आहे ती या एका वाक्यावरून. खोटं बोलून गेले असते तर सोडून दिलं असतं, तोंडदेखलं बोलावं लागतंच माणसाला. पण ते म्हणताना मला खोटं बोलतेय असं वाटलं नाही.